जिन्यापाशी दिलेला हात

लांज्याच्या काजूच्या कारखान्यात बिया फोडताना बायका हाताला राख लावतात. तरी बियांचं तेल कातडी जाळतंच. गोदाची बोटं कायमची काळी झाली होती आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. शेजारची शकू मुंबई पाहून आली, तोपर्यंत.

"वयनी, आत्मादादाची नोकरी बघून आले मी," बी फोडता फोडता शकू म्हणाली. "आपोआप वर जाणारा जिना हाय त्या दुकानात. साहेबाच्या वेळचा, लाकडी पायऱ्यांचा. कुरकुरतो, पण चालतो. बायका पाय ठेवायला घाबरतात, म्हणून दादा त्यांचे हात धरतात!"

"हात?"

"मग काय! 'या बाई, उजवा पाय आधी.' असल्या मऊ हातांच्या बाया. आणि वर पगार मिळतो गो!"

सगळ्याजणी हसल्या. गोदाही हसली, पण पुढची बी तिने अशी फोडली की आतल्या गराचा चुरा झाला.

आपला नवरा आत्माराम मुंबईत कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, दुकानात जिन्याला तेलपाणी करतो, एवढंच तिला माहीत होतं. शिमग्याला तो घरी येई. बाजाराला जाताना तो पुढे, ती मागे. एकदा बांधावर ती घसरली तेव्हा तो थांबला, वळला, "सांभाळून" म्हणाला. हात पुढे केला नाही. गावात कोणीच करत नाही. इतकी वर्षं तिला ते पुरलं होतं. आता पुरेना. चुलीपुढे बसली की तिला हात दिसत, एकामागून एक त्याच्या तळव्यात विसावणारे.

मे महिन्यात शकूला घेऊन ती एस.टी.ने मुंबईला गेली आणि थेट त्या दुकानात शिरली.

जिन्याच्या तोंडाशी खाकी कपड्यांत आत्माराम उभा होता. गोदाच्या पुढच्या बाईने त्याचा हात न बघताच धरला, पायरीवर उभी राहिली, सोडला. मग त्याला गोदा दिसली.

"तू? हितं कशी?"

"वर जायचंय."

"जा की. कठडा धर नि पाय टाक."

"भ्या वाटतं."

गोदाला कशाचंच भय वाटत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याने आजूबाजूला पाहिलं. "लोक बघतायत गो."

"मघाशी आंधळे होते?"

मागे रांग लागली. शकूने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आत्मारामने हात विजारीला पुसून पुढे केला. गोदाने आपली काळी बोटं त्यात ठेवली.

"उजवा पाय आधी," तो पुटपुटला.

"ते 'या बाई' ऱ्हायलं."

पायरी तिला उचलून नेऊ लागली. इथे बायका हात सोडत. गोदाने सोडला नाही.

"सोड गो, मला हितं उभं ऱ्हावं लागतं!" एक पाय फरशीवर, एक पायरीवर, अशी त्याची तारांबळ उडाली आणि शेवटी तोही तिच्या शेजारी उभा राहून वर निघाला.

खाली पुढची बाई हात पुढे करून तशीच थांबली होती. गोदाने वरून तिला नीट बघून घेतलं.