वायर माझी, टेबल दिगंबरचं

फोन आला तेव्हा मी केजच्या स्टँडवर गाडीची वाट बघत उभा होतो. कारखान्याच्या वजनकाट्यावरचा क्लार्क रडत होता. "तात्या, दिगंबरराव गेले... झोपेतच." मी तिथल्याच बाकड्यावर बसलो. पण खरं सांगतो, बसल्या बसल्या मनात आलं, आता कारखान्यात सगळे मलाच बोलावतील. महिना झाला त्याला. लाज वाटते, तरी लिहितो. दिगंबर माझा तीस वर्षांचा दोस्त होता आणि मी त्याच्यावर जळत होतो. दोन्ही खरं हाय.

मी चौथी शिकलेला वायरमन. आमच्या साखर कारखान्यातली एक एक केबल माझ्या हातानं पुरलेली. दिगंबर लिंबागणेश गावचा, दहावी झालेला, स्टोअरमध्ये कारकून. दुपारी एका डब्यात जेवायचो. कॉम्प्युटर आले आणि हा गडी स्विचच्या नादाला लागला. स्विच म्हणजे सगळ्या केबली जिथं येऊन लागतात ती पेटी. तो मला समजवायचा, "तात्या, हरेक मशीनचा आपला एक नंबर असतो, मॅक ॲड्रेस. कोणता नंबर कोणत्या पोर्टातून, म्हंजी केबल खुपसायच्या भोकातून, बोलला ते ही पेटी टेबलात, आपल्या यादीत, लिहून ठेवती. मशीन थोडा वेळ गप बसलं, की नंबर पुसून टाकती."

"तुज्यासारखीच हाय बे. काम झालं की वळख इसरती."

तो लई हसायचा. मी चेष्टा केली नव्हती.

एकदा ऐन गाळपात काट्यावरचं कॉम्प्युटर जळालं. नवं लावलं, तर पोर्टाचा दिवाच लागेना. उसाचे ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत लागले. दिगंबर एका लग्नाला गेलता. मी छाती ठोकून सांगितलं, केबल उंदरानं खाल्ली. सकाळपासून खंदत बसलो, अख्खी लाइन नवी टाकली. दिवा काही लागेना... दुपारी दिगंबर कपाळावरच्या अक्षतांसकट आला आणि खुर्चीत बसला.

"तात्या, तुमची वायर शाबूत हाय. वजनात कुणी लबाडी करू नये म्हणून या पोर्टाला मी जुन्या मशीनचाच नंबर बांधून ठिवलाय. दुसरं मशीन लावलं की पोर्ट आपोआप बंद."

त्यानं जुना नंबर काढला, नवा टाकला, पोर्ट उघडलं. दिवा लागला.

"कावून सांगितलं न्हाई आदी?"

"तुमी इचारलं कवा?"

एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "तात्या, खड्डा बुजवू नका, आंबा लावा!" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी दिगंबर एकटाच फावडं घेऊन ती चारी बुजवत होता. मी लांबून बघत राहिलो. राहू दे, एवढंसुद्धा म्हणालो नाही.

शोकसभेत साहेब म्हणाले, "हे नेटवर्क दिगंबररावांनी उभं केलं." हार घातलेल्या फोटोसमोर बसून मी मनात म्हणत होतो, आणि वायरी काय वरून पडल्या?

तेरावा झाल्यावर लातूरहून नव्या इंजिनिअर बाई आल्या. स्विचचं टेबल बघताना थांबल्या. "अकरा नंबरच्या पोर्टाला एक ॲड्रेस हाताने बांधलाय. हा आपोआप पुसला जाणार नाही. मशीन तर दिसत नाही. कुणाचं?"

दिगंबरचं होतं. त्याच्या बसायच्या टेबलावरचं. कारखान्यानं ते भंगारात काढलं होतं.

"मग तात्या, काढू का?"

त्या खोलीत मला कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. "काढा," मी म्हणालो. एक ओळ टाइप केली बाईंनी, झालं. इतकी वर्षं मनातून हेच तर मागत होतो... बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

मागच्या आठवड्यात गोदामाला नवी जोडणी द्यायची होती. बाई म्हणाल्या, "अकरा मोकळं आहे, तिथं लावा."

"ते खराब हाय," मी सांगितलं.

त्यांनी स्क्रीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी केबल बारामध्ये लावली.