भिंतीवरच्या बाईंना नमस्कार

जिवंत माणसाचा फोटो भिंतीवर लावणं म्हणजे त्याला वर पाठवायची घाई करणं, असं मानणारा जगातला एकमेव फोटोग्राफर म्हणजे माझा मामा. मिरजेत चाळीस वर्षं स्टुडिओ चालवला, अर्ध्या गावाला "हनुवटी खाली, हलू नका" म्हणून ताटकळत ठेवलं, पण स्वतः हौसेने एकदाही कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. पासपोर्टासाठी सरकारने बसवलं, तेवढंच. कुणाच्याही घरी गेला की चहाच्या आधी त्याची नजर भिंतीवर. मग हात जोडून, आवाज उतरवून विचारायचा, "कधी गेले?" अमेरिकेत, प्लेनोला माझ्याकडे आल्यावर तर त्याचे हाल झाले. शेजारच्या अमेरिकन घरात जिन्याभर फोटो. मामा पायरीपायरीला नमस्कार करत वर गेला आणि खाली येऊन मला म्हणाला, "अख्खं घर साफ झालं गं यांचं." ज्या गृहस्थाच्या लग्नाच्या फोटोपुढे त्याने डोळे पुसले होते, तेच सरबत घेऊन समोर आले, तेव्हा मामाने ग्लास घ्यायला दोनदा नकार दिला.

त्याला परत जायला आठ दिवस उरले होते. ऐंशी पूर्ण, पुन्हा येणं कठीण. मला त्याचा एक फोटो हवा होता, बस. भावाच्या या खुळापायी माझी आईही कधी फोटोला बसली नाही. तिच्या मागे ग्रुप फोटोतून कापून काढलेला चेहरा तेवढा उरला, त्यातही शेजारणीचा कान आलाय.

म्हणून मी त्याला जपानी कलेच्या म्युझियममध्ये नेलं. तिथे जुन्या चित्रांशेजारी आजच्या, जिवंत माणसांचे फोटो लावले होते. रेशमावर रंगवलेली शेकडो वर्षांपूर्वीची म्हातारी, आणि शेजारी तशीच बसलेली आजची म्हातारी. मामाने बूट काढले, हात जोडले. गार्ड धावत आला. "टू मिनिट्स, सर," मामा म्हणाला, "बोथ एक्स्पायर्ड."

तेवढ्यात फोटोतल्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. फोटो त्यांच्या मुलाने काढलेला होता. मामाचे जोडलेले हात बघून त्या कमरेत वाकल्या. मामा पांढराफटक पडला आणि घाबरून तोही वाकला. त्या आणखी वाकल्या. मामा आणखी. गार्डने बूट पुढे सरकवेपर्यंत हे चाललं होतं.

पार्किंगमध्ये मामाने बुटांच्या नाड्या नीट बांधल्या. मग म्हणाला, "बाई ठणठणीत आहेत गं. ताईचा काढायला हवा होता मी. चुकलंच माझं." कॉलर नीट केली आणि गाडीला टेकून उभा राहिला. "काढ. पण भिंतीवर नाही लावायचा."

फोटोत त्याचे डोळे नेमके मिटलेत. तो मी फ्रिजवर चिकटवला. मागच्या वर्षी मामा गेला. आता लावायला हरकत नाही, फ्रेमही आणून ठेवली आहे. पण फोटो अजून फ्रिजवरच आहे.