तीन वेढ्यांचा जेर्मिनाले

“आरं, ताकद कशाला लावतोयस? खुंट्याला बांधलेला बैल तू मिठी मारून धरतोस व्हय?”

“काका, मी बैलालाबी मिठीत धरीन.”

“धर की. बैल वाचंल, तुझी माती व्हईल.”

खाणीच्या वरच्या टोकाला आमचा जेर्मिनाले तरण्या उलिस्सेला शिकवत होता. जेर्मिनालेचा बाप राजाला मानत नव्हता आणि देवाला तर त्याहून नाही. म्हणून पोराला संताचं नाव न ठेवता फ्रेंच क्रांतीच्या पंचांगातल्या महिन्याचं ठेवलं. नाव क्रांतीचं, अंग मात्र उपासाचं. इटलीतल्या अख्ख्या कार्राराच्या डोंगरात एवढा काटकुळा गडी दुसरा नव्हता.

आणि काम काय, तर संगमरवर खाली सोडायचं. बारा टनांचा दगड लाकडी घसरगाडीवर बांधायचा, खाली साबण लावलेली लाकडं टाकायची आणि डोंगराच्या अंगावरनं सरकवायचा. ओढायला कुणी लागत नाही. धरणी आपणच ओढते. धरायलाच लागतं. दगडाचे तीन दोर वरच्या तीन खुंट्यांना वेढलेले असत. त्यातला मधला, मुख्य दोर तीस वर्षं जेर्मिनालेच्या हातात. एवढ्या वर्षांत त्याच्या हातनं ना दगड फुटला, ना कुणाचा पाय मोडला.

पण टोळीचा म्होरक्या अर्गांते, म्हणजे जेर्मिनालेच्या बायकोचा भाऊ, त्याच्या डोक्यात किडा वळवळला.

“दाजी, तुम्ही आता साठी गाठली. वारा आला तर तुम्हालाच बांधून ठेवावं लागतंय. आज उलिस्से दगड सोडंल. वळणापर्यंत नीट नेला तर खुंटा त्याचा. तुम्ही पाणी वाहा.”

पाणी वाहायचं! ते आमच्यात म्हाताऱ्या गाढवाचं काम. जेर्मिनाले चडफडला, पण शिकवायला मागं सरला नाही. खाली आम्ही पंधरा जण लाकडं टाकणार होतो, आणि अर्गांते तर दगडाच्या तोंडापुढंच उभा राहणार होता.

“हे बघ,” तो उलिस्सेला म्हणाला, “पयला वेढा वज्याच्या सहा वाट्यांतलं पाच खातो. उरलेल्या एका वाट्याचं पुन्हा सहा कर. त्यातलं पाच दुसरा खातो. तिसराबी तसाच खादाड. शेवटी तुझ्या हातात पिठाच्या पिशवीएवढंबी वजन येत न्हाय. खुंट्यावर दोर घासतो ना, त्या घासण्याची ही करामत.”

“मग माझं काम काय?”

“सोडायचं. धरतो खुंटा. तू शेपूट ढिलं केलंस की दगड चालतो, ताणलंस की थांबतो. तुझं दंड जत्रंत दाखव.”

उलिस्सेचे दंड खरंच पिंपासारखे. चार वर्षं तो लाकडांना साबण चोळायचा. त्या सकाळीही नव्या गड्याचं चोळणं त्याला बघवेना. “बायकोच्या गालाला लावतोस काय रं?” म्हणत त्यानं अर्धी लाकडं स्वतःच चोळली आणि मग खुंट्याकडं गेला.

अर्गांतेनं खालून हात वर केला. “सोड!”

दगड हलेना. बसलेलं धूड उठायला कुरकुर करतंच. पहारीनं ढोसलं तसा उठला, आणि एकदा उठल्यावर मऊ चालायला लागला. आम्ही मागची लाकडं काढून पुढं टाकत होतो. जेर्मिनाले बाजूच्या धोंड्यावर बसून पाव आणि मिठात मुरवलेली डुकराची चरबी खात होता, पण नजर दोरावर.

उताराचा खडा भाग आला. दगडाची ओढ वाढली आणि उलिस्सेच्या हातातनं दोर सुळसुळायला लागला. तीन वेढे तर होते! गडी मागं रेलला, टाचांनी माती उकरत पुढं घसरला. बाजूचे दोन्ही दोर तारेसारखे ताणले.

“आवळ! आवळ!” अर्गांते बोंबलला.

जेर्मिनालेनं पाव टाकला. चरबीचे हात मातीत दोनदा घासले. मग ओंजळभर संगमरवराचा भुगा खुंट्यावर फेकला, पुन्हा फेकला, आणि दोराचं शेपूट हिसकून फटाफट आणखी दोन वेढे मारले. दोर करकरला. दगड अर्गांतेपासून दहा पावलांवर थांबला.

जेर्मिनालेनं दोर नाकाला लावला.

“साबण! आरं लेका, लाकडांला साबण लावत्यात. तू दोराला आंघोळ घातलीस!”

डोंगर हसला. उलिस्से आपल्या तळव्यांकडं बघत राहिला. चार वर्षं ज्यानं दगड पळवला, तोच साबण त्यानं धरायच्या जागी नेला होता.

अर्गांते धापा टाकत वर आला. तोंड दगडाहून पांढरं. “दाजी, खुंटा तुमचा. तुम्ही म्हणाल तवर.”

“आन् पाणी?”

“मी वाहतो! आईशप्पत मी वाहतो!”

“बरं. उलिस्सेला हाकलू नगं. हात धुऊन माझ्या शेजारी बसू दे. ताकद हाय, आता अक्कल चोळू.”

दोर पुसून, खुंटा भुग्यानं घासून झाल्यावर अर्गांते पुन्हा खाली जाऊन उभा राहिला. जेर्मिनालेनं जादा वेढे एकेक करून उतरवले, मातीतला पाव उचलून फुंकला आणि दातात धरला. खालून अर्गांतेनं हात वर केला.

“सोड!”

जेर्मिनालेनं वीतभर ढील दिली.