कोंबड्यांचा लाल दिवा

आई गेली तेव्हा मी काढलेला तिचा एकुलता एक फोटो निगेटिव्हमध्येच पडून होता. "कधी दाखवशील रं?" ती विचारायची. फोटो धुवायला अंधारी खोली मिळत नाही, असं मी सांगायचो. खरं म्हणजे मी ती शोधलीच नव्हती.

खोली अखेर कळंबला मिळाली. अंडी आणायला गेलो तेव्हा पोल्ट्रीवाल्या बाईंच्या शेडमध्ये लाल दिवा दिसला. फोटोचा कागद तशाच उजेडात धुतात, असं मी सहज म्हणालो. त्यांनी लगेच कोंबड्यांच्या खाद्याची खोली रिकामी केली. दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन गेलो, तर दिवा टांगलेला होता आणि फटींत पोती कोंबलेली होती. मी आत गेलो, त्या दाराबाहेर उलट्या बादलीवर बसल्या.

"लांब व्हा रं, आत फोटो शिजतोय!" त्या येणाऱ्याजाणाऱ्याला दटावत होत्या.

तळहाताएवढ्या कागदावर आईचा चेहरा उमटला आणि मला रडू फुटलं. फोटो पक्का झाल्यावर दार उघडून मी बाईंना सगळं सांगून टाकलं, खोली शोधलीच नव्हती हेसुद्धा.

"हा दिवा का लावतो, म्हायती हाय?" त्या म्हणाल्या. "लाल उजेडात कोंबड्यांना जखम दिसत नाय. दिसली की टोचत बसतात, पार मरेस्तोवर. तुमी तेच करताय, भाऊ."

मग पदराला हात पुसून त्यांनी ओला फोटो कडेनं धरला आणि बाहेर दोरीवर लावला.

"आजी, झाला बरं का तुमचा फोटो," त्या फोटोलाच म्हणाल्या. "पोराला उशीर झाला, पन केला त्यानं."