चाळीस पानी रिपोर्ट आणि काकांचे शेरे

आधीच सांगून टाकतो, यात कुणी हॅक होत नाही. अंधाऱ्या खोलीत टोपी ओढून बसलेलं पोरगं नाही, स्क्रीनवर धावणारी हिरवी अक्षरं नाहीत आणि शेवटच्या सेकंदाला एंटर दाबून कुणी जगबिग वाचवत नाही. ज्यांना तसलं बघायचंय त्यांनी इथेच उतरून घ्या, गाडी पुढं थांबणार नाही. हे वाक्य एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात वाचायचं, घंटीसकट. यात फक्त एक बेसमेंट आहे, चिवडा आहे आणि मी आहे.

मी इथं अमेरिकेत, ईडन प्रेरी नावाच्या गावात, एका कंपनीत आहे. काम असं, की दुसऱ्यांनी लिहिलेला कोड एका टूलला खायला घालायचा आणि त्यात कुठं कुठं भोकं आहेत ते शोधायचं. टूल प्रोग्राम चालवून बघत नाही, नुसता वाचतं. काही बायका आमटी न चाखता नुसत्या वासावरून सांगतात ना, मीठ विसरलीस म्हणून? तसं. फक्त आमच्या टूलला खिरीच्या वासावरूनही मीठ विसरल्याचा संशय येतो. त्यामुळं ऑफिसात त्याचा रिपोर्ट कुणी धड वाचत नाही. पहिलं पान बघतात, ‘यार, किती नॉइज आहे, नुसते खोटे अलार्म’ म्हणतात आणि कॉफी आणायला जातात. मीही त्यातलाच.

माझा खरा धंदा नकलांचा. तालुक्याच्या शाळेत असताना हेडमास्तरांची नक्कल केली होती, हेडमास्तर मागं उभे असताना. तेव्हापासून आधी मागं वळून बघायची सवय लागली, नकला काही सुटल्या नाहीत. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मला दहा मिनिटं मिळतात, मी पंचवीस घेतो.

तर या मंडळाची वेबसाइट काकांनी बनवलेली. काका म्हणजे आमच्या मागच्या रस्त्यावर मुलाकडं राहणारे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले गृहस्थ. इथं आले तर मुलगा-सून ऑफिसला आणि बाहेर गुडघाभर बर्फ. मग लायब्ररीतल्या फुकट क्लासला जाऊन प्रोग्रामिंग शिकले आणि वर्षभर बसून एकट्यानं साइट लिहिली. कार्यक्रमाला कोण येणार, जेवण कसलं, कुणाचं पोरगं नाचात आहे, सगळं तिच्यात. पण यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमाआधी अध्यक्षकाकूंच्या डोक्यात आलं, की आपली साइट बंद करून बाहेरची तयार सर्व्हिस घ्यावी. एवढ्या मुलांची माहिती आणि लिहिणारे एकटे काका, काय भरवसा?

काका माझ्याकडं आले. रुमालात गुंडाळलेला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

“तुझं ते यंत्र लाव याला. कमिटीसमोर एकदा होऊन जाऊ दे. साइट गेली तर मी दिवसभर काय करू? खिडकीत बसून बर्फ मोजू?”

टूल लावलं. तीन मिनिटांत चाळीस पानं. वरच लिहिलं होतं, लाल, म्हणजे धोक्याच्या चुका, सात आणि पिवळे, म्हणजे नुसते संशय, ढीगभर. सातच लाल, म्हणजे काकांनी भारीच केलंय की, असं म्हणून मी फाइल बंद केली. एका गोष्टीकडं बघितलंच नाही. चूक नेमकी कुठाय ते कळावं म्हणून हे टूल चुकीच्या ओळीबरोबर तिच्या वरच्या-खालच्या पाच-पाच ओळीही छापतं. त्या ओळींत काय आहे, हे बघायचं सुचलंच नाही.

आठवड्यानं, रविवारी दुपारी जेवणं उरकून कमिटी अध्यक्षकाकूंच्या बेसमेंटमध्ये जमली. दाराशी बुटांचा डोंगर. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि वातावरण जरा हलकं करावं म्हणून जीपीएसवाल्या बाईच्या आवाजात सुरू केलं.

“ओळ बारा. पासवर्ड कोडमध्येच लिहून ठेवला आहे. शक्य होईल तिथे यू-टर्न घ्या.”

हशा. मी खुशीत. आणि डोळे वरच्या ओळीवर गेले. कॉम्प्युटर जी ओळ वाचत नाही, माणसांसाठी सोडून देतो, तसली ओळ होती. इंग्रजी अक्षरांत मराठी. माझं तोंड डोक्याच्या पुढं पळतं. वाक्य काकांचं, म्हणून आवाजही आपोआप काकांचाच आला. नाकातून, मध्येच थांबत, शेवटी ‘हं?’

“अध्यक्षांना बटण निळं हवं. मंगळवारी हिरवं. आज पुन्हा निळं. रंगाचं दुकान टाका म्हणावं, हं?”

बेसमेंट हसून हसून खाली बसलं. अध्यक्षकाकू डोळे पुसत म्हणाल्या, “मेल्या, काय हुबेहूब करतोस रे! आणि सुचतं कसं तुला?”

सगळ्यांना वाटलं मीच रचलंय. मी काकांकडं बघितलं. त्यांचा चिवड्याचा हात तोंडापाशी थांबला होता. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. उभी नोकरी फाइलींच्या कडेला शेरे मारण्यात गेलेला माणूस. खातं सुटलं, हात कुठं सुटतोय? कोडच्या प्रत्येक मोकळ्या ओळीत शेरा.

आमचे सेक्रेटरी नागपूरचे. ते फुल मूडमध्ये. “अजून एक होऊन जाऊ दे ना बे!” म्हणत त्यांनी माझ्या हातातून माउस घेतला आणि पुढचं स्वतःच मोठ्यानं वाचायला लागले. “सेक्रेटरी दोघांची नावं देतात आणि जेवायला सहा जण आणतात. म्हणून इथे मर्यादा...”

त्यांचं हसू अर्ध्यात आटलं. “हे... हे तूच लिहिलं आहेस ना?”

मला वाटलं, चला, काकांना सुटायला वाट मिळाली. “हो हो. मीच टाकलंय. गंमत म्हणून.”

अध्यक्षकाकू एकदम गंभीर. “म्हणजे काकांच्या कोडमध्ये तू हात घातलास?”

“थोडासा.”

“माझ्या कोडमध्ये?” काका उठूनच उभे राहिले. चिवडा सगळा कार्पेटवर. “माझ्या कोडमध्ये दुसऱ्याची एक ओळ नाही! पहिल्या अक्षरापासून मी लिहिलाय. ते शेरे माझे आहेत.”

त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, कपाळाला हात लावला. “बसा हो खाली.”

मग अध्यक्षकाकूंनी चष्मा लावला आणि मला म्हणाल्या, “पहिल्यापासून दाखव. सगळं.”

आणि मग जे झालं ते मी माझ्या अख्ख्या नोकरीत बघितलं नव्हतं. सहा माणसांनी सिक्युरिटी रिपोर्ट पानोपान वाचला. जो तो स्वतःला शोधत होता. “हळू, हळू, मागं घे.” “तबलेवाल्याचं काय लिहिलंय ते बघ.” “यात मीच असणार, माझीच गाडी वाकडी लागते.” कमिटीतल्या एका गृहस्थांबद्दल एकही शेरा निघेना, तर ते हिरमुसले. “माझ्याबद्दल काहीच नाही? तीन वर्षं खुर्च्या लावतोय मी!”

शेऱ्यांच्या नादात लालही वाचलं जात होतं. एकोणिसाव्या पानावर अध्यक्षकाकू थांबल्या. “हे काय आहे?”

मी वाचलं. तेही पहिल्यांदाच. मग पुन्हा वाचलं. या वेळी तोंडातून माझाच आवाज आला, दुसरा सापडेना.

“आडनाव शोधायचा चौकोन आहे ना, त्यात टाइप केलेलं न तपासता थेट डेटाबेसला जातंय. आडनावाऐवजी जरा वेगळं काही टाकलं, तर सगळ्या मुलांची नावं, वयं, घरचे पत्ते बाहेर येतील.”

“कुणाला?”

“कुणालाही.”

“आत्ता? या क्षणी?”

“हो.”

काका टीव्हीपाशी गेले, काचेला नाक लागेल इतके जवळ, आणि स्वतःचीच ओळ वाचत राहिले. तिच्या आसपास एकही शेरा नव्हता. “माझ्या लक्षातच आलं नाही,” एवढंच म्हणाले.

अध्यक्षकाकूंनी निकाल दिला. साइट आत्ताच्या आत्ता बंद. शनिवारपर्यंत मुदत, शनिवारी पुन्हा टूल लावायचं. एक जरी लाल निघालं तरी बाहेरची सर्व्हिस. “आणि काका, बटण निळंच हवं,” त्या म्हणाल्या. काकांनी मान डोलावली.

काका-काकूंना घरी सोडायचं माझ्याकडं होतं. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी. काकू मागं बसल्या, काका पुढं, आणि मी हीटर लावून बाहेर काचेवरचं बर्फ खरवडायला लागलो. काकांनी खिडकी चार बोटं खाली केली.

“चाळीस पानं होती ना रे? त्यातली किती वाचलीस? खरं सांग.”

“एक.”

“एक! अरे, माझ्या खात्यात एक पान वाचून सही करणाऱ्याला मी दिवसभर टेबलासमोर उभा करायचो. पगार कशाचा घेतोस तू? यंत्र वाचतं म्हणून तू वाचायचं नाही? मग यंत्रच ठेवतील की ते, तुझा व्हिसा कशाला करतील?”

“काच वर करा हो,” मागून काकू. “गारठा येतोय.”

“येऊ दे! शेरे निघाले त्याचं मला काही नाही. पंधरा दिवस तोंडं फिरवतील, मग येतीलच बोलायला. पण लोकांच्या पोरांचे पत्ते माझ्या हातून उघडे पडले, आणि तो कागद आठवडाभर तुझ्याकडं पडून होता. आठवडाभर! तू काय करत होतास? आवाज काढत होतास! यू-टर्न घ्या म्हणे!”

मला नको तिथं हसू फुटलं.

“हसतोस काय? उद्या सुट्टी आहे ना तुला? सकाळी नऊला यायचं. सातही लाल मला एकेक करून समजावून द्यायचे, सरळ माणसासारखं बोलून. दुरुस्ती मी करणार. तू कीबोर्डला बोट लावायचं नाही. आणि मघापासून एकाच ठिकाणी काय खरवडतोयस? काच फोडशील! इकडे बघ, माझी अख्खी बाजू राहिलीये.”