बाहीला बाही

माझ्या मुलीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा मी शिलाई मशीनला शिवलेला होतो.

मशीन माझ्या आईची. काळी, मानेवर सोनेरी वेलबुट्टी (आता निम्मी झिजलेली), खाली लोखंडी स्टँड आणि पायाने हलवायची जाळीदार पायपट्टी. आम्ही चाळीत राहत असताना आईने या मशीनवर अख्ख्या वस्तीची झबली, परकर, शाळेचे गणवेश शिवले आणि त्यातून आम्हा भावंडांना वाढवलं. डोंबिवलीजवळ कोपरला फ्लॅट घेतल्यावर मशीन हॉलच्या कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर आधी फोन, मग मिक्सर आणि शेवटी इस्त्रीचे कपडे असा मुक्काम पडला.

प्रज्ञाचं, म्हणजे माझ्या मुलीचं, लग्न ठरलं आणि आईने जाहीर केलं, "लग्नातल्या पांढऱ्या साडीवरचा ब्लाऊज मी शिवणार. माझ्या मशीनवर."

इस्त्रीचे कपडे हलवले गेले. आईने चिंधी घातली, पाय मारला. वरून टाका सुरेख. उलटं करून बघितलं तर खाली दोऱ्याचं हे एवढं जाळं!

"कारागीर बोलाव," आई म्हणाली. "स्टेशनजवळ बसतो एक."

"कारागीर कशाला? मी आहे ना!"

आई माझ्याकडे आणि माझी बायको कल्पना आईकडे बघायला लागली. मी ठाण्यात, नौपाड्याला, विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. अपघात झाला की तो माणसाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे कसा झाला, हे शोधून काढणं माझं काम. यंत्रांशी माझा संबंध एवढाच की त्यांनी केलेलं नुकसान मी वाचतो.

पण हल्ली मोबाइलवर सगळं मिळतं. कुठल्यातरी थंड देशातला एक गोरा म्हातारा तश्शीच मशीन उघडत होता. तो काय बोलतो ते कळत नव्हतं, पण त्याचे हात कळत होते. मी वर्तमानपत्र पसरलं आणि मशीन उताणी केली.

आत तेलाचा डिंक झालेला. रॉकेल मिळेना, म्हणून रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणलं. घराला रंग काढल्यासारखा वास सुटला, शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, "कोणता कलर देताय?" मी सुईच्या खालचं झाकण काढलं आणि चिमट्याने आतली कचऱ्याची गादी ओढून बाहेर काढली. निळ्या, खाकी, लाल धाग्यांची! चाळीतल्या पोरांचे गणवेश तिथे थरावर थर बसले होते. आईने ती गादी हातात घेतली, जरा वेळ बघितली आणि खिडकीत ठेवली.

सगळं परत जोडलं. आता टाकाच पडेना.

"टेन्शन वाढलंय," मी वरची चकती फिरवत म्हणालो.

"आमचं वाढलंय," कल्पना म्हणाली. "तुम्ही मजेत दिसताय."

"अगं, दोऱ्याचं टेन्शन! टेक्निकल शब्द आहे तो."

मी चकती डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली. दोरा तुटला, मग सैल झाला, मग पुन्हा तुटला. शेवटी व्हिडिओ मागे नेऊन बघितला तेव्हा कळलं, मी सुईच उलटी बसवली होती. सुलटी केली, खटखट खटखट... आणि काय सांगू, वरून खालून सारखा, मोत्यांच्या सरीसारखा टाका! आईने शिलाईवरून बोट फिरवलं.

"जमलं की रे तुला!"

ही गोष्ट इथे संपायला हवी होती. शहाण्या माणसाने हात धुतले असते. पण आई मला जमलं म्हणाली होती, आणि हे वाक्य मी दहावीनंतर पहिल्यांदाच ऐकत होतो.

"आई," मी म्हणालो, "आपण हिला मोटर बसवू. तुझे पाय दुखतात ना?"

"मशीन चालवताना नाही दुखत. तू बोलायला लागलास की दुखतात."

मी डोंबिवलीत जाऊन मोटर आणली. सोबत पायाने दाबायचा एक काळा पेडल होता. दाबला की मोटर सुरू, सोडला की बंद. लहान मूलही बसवेल, असं दुकानदार म्हणाला. आमच्या घरात लहान मूल नव्हतं, म्हणून मी बसवली.

दिवस रविवार. सकाळी अकराला प्रज्ञाच्या होणाऱ्या सासरचे, म्हणजे जाधव पती-पत्नी, ठाण्याहून यायचे होते. प्रज्ञा मिठाई आणायला गेली होती. मी नवा झब्बा घालून तयार होतो (उकाड्यामुळे आत बनियन नव्हता, ही माहिती पुढे महत्त्वाची आहे). ते निघाल्याचा फोन आला तेव्हा मी निर्धास्त होतो. ठाण्याहून येणारा माणूस शीळफाट्याला अडकतो. सगळेच अडकतात. तेवढ्या वेळात मोटर जोडून होईल आणि व्याह्यांना चालू मशीन दाखवता येईल, असा माझा हिशेब.

पट्टा काढला, मोटर कसली. वायर पुरेना म्हणून बेडरूममधून एक्स्टेन्शन ओढलं. पेडल मध्येच पडलेला बरा दिसेना, म्हणून तो जुन्या लोखंडी पायपट्टीखाली नीट सरकवून ठेवला. आता चाचणी. चिंधी सापडेना. समोर आईचा जवळजवळ पुरा झालेला पांढरा ब्लाऊज होता. एका बाहीची शिलाई राहिली होती. आई स्वयंपाकघरात पोहे परतत होती. म्हटलं, तिला सरप्राइज देऊ!

बाही सुईखाली ठेवली आणि सवयीने पाय पायपट्टीवर टेकवला.

पायपट्टी खाली गेली, पेडलवर बसली आणि तिथेच राहिली. मी पाय उचलला. पायपट्टीने उचलला नाही. एवढं जड लोखंड पेडलवर आरामात बसलेलं, आणि मशीन सुटली ती अशी की टेबल थरथरायला लागलं! आयुष्यभर आईच्या पायाच्या तालावर चाललेली ती गरीब मशीन, तिला हा वेग म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. ब्लाऊजची बाही बघता बघता आत गेली.

मी डाव्या हाताने कापड धरलं आणि उजव्या हाताने पेडल ओढायला खाली वाकलो. वाकल्यामुळे माझ्या झब्ब्याची ऐसपैस डावी बाही सुईपर्यंत पोचली. मशीनने भेदभाव केला नाही.

"बंद करा! बंद करा!" मी ओरडलो.

कल्पना धावत आली आणि तिने भिंतीवरचं पहिलं बटण दाबलं. पंखा बंद झाला. दुसरं दाबलं. टीव्ही सुरू झाला.

"कुठलं बटण?"

"बेडरूममधलं!"

"मशीन हॉलमध्ये, बटण बेडरूममध्ये?"

"भांडण नंतर करू!"

ती बेडरूमकडे पळाली. तोवर दोऱ्याचा गुंता होऊन मशीन आपणच अडली आणि घुरघुरत थांबली. मग कल्पनाने बटण बंद केलं. बोटं शाबूत होती. बाकी मनगटापासून कोपरापर्यंत माझी बाही आणि ब्लाऊजची बाही एकजीव झाली होती, वर मोटरच्या तेलाचा एक डाग, आणि सुई या सगळ्यात रुतून बसलेली. चाक फिरेना.

आई झारा घेऊन दारात उभी होती. तिने एकदा ब्लाऊज बघितला. एकदा मला.

"कात्री आणते," ती म्हणाली. आणि बेल वाजली.

"एवढ्यात कसे आले?" मी कुजबुजलो.

कल्पनाने पंखा लावला, टीव्ही बंद केला आणि दार उघडलं. जाधव आनंदाने आत येत म्हणाले, "मोठागावच्या नव्या पुलावरून आलो! ट्रॅफिकच नाही!"

सरकारने पूल बांधला आणि तो त्याच रविवारी माझ्या मुळावर आला.

झब्बा काढून पळावं तर आत बनियन नाही. मुलीच्या सासू-सासऱ्यांसमोर पहिल्याच भेटीत उघडा बाप नको, म्हणून मी बसून राहिलो. आता जय भीम करायला दोन हात लागतात. माझा डावा मशीनवर होता, म्हणून उजवा तिकडे नेऊन जोडला. परिणामी मी पाहुण्यांकडे पाठ करून मशीनला जय भीम घातला.

"अहो, बसा बसा! काम चालू ठेवा," जाधव म्हणाले. मग त्यांची नजर पांढऱ्या कापडावर गेली. "हा... प्रज्ञाचा ब्लाऊज? तुम्ही स्वतः शिवताय?"

मी आईकडे बघितलं. आई छताकडे बघत होती.

"थोडाफार हातभार," मी म्हणालो.

जाधववहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा! मुलीचा ब्लाऊज बाप शिवतोय! आणि तुम्हाला शर्टाचं बटण लावता येत नाही!"

जाधवांचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली, पण उठून खांद्यावर हात ठेवण्याची सोय नव्हती.

पोहे आले. मी एका हाताने, मशीनवरच खाल्ले. प्रज्ञा मिठाई घेऊन आली, एका नजरेत तिला सगळं कळलं, आणि ती जी आत गेली ती उशीत तोंड खुपसून हसत बसली. (पाहुण्यांना वाटलं, लाजली.)

"जरा चालवून दाखवा ना," वहिनी म्हणाल्या.

"लाइट गेलीय हो," मी म्हणालो. डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

जाधवांनी पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सभ्यपणाने पोह्यांचा पुढचा घास घेतला.

लग्नाची बोलणी झाली. हॉल, जेवण, पाहुणे, सगळं मी मशीनवरून मान वळवून ठरवलं. निघताना ते म्हणाले, "उठू नका विलासराव, तंद्री मोडेल." त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला सगळं घर गेलं. मी तंद्रीत बसून राहिलो.

मग आईने एकेक टाका उसवून मला सोडवलं. ती अजिबात रागावली नाही. त्याने जास्त भीती वाटली. बाही डागासकट गेली होती.

"आजी," प्रज्ञा म्हणाली, "दोन्ही बाह्या काप ना! मला आधीपासून आखूडच पाहिजे होत्या, तूच नको म्हणत होतीस."

आईने बाह्या कापल्या, मोटर काढायला लावली, पट्टा परत चढवला आणि पायाने शांतपणे ब्लाऊज पुरा केला. लग्नात पांढऱ्या साडीवर तो इतका शोभून दिसला की वहिनींनी अख्ख्या हॉलभर सांगितलं, "व्याह्यांनी शिवलाय!" मी आईकडे बघून खुलासा करायला तोंड उघडलं.

"राहू दे," आई म्हणाली. "आता तूच निस्तर."

निस्तरायची वेळ लवकरच आली. जाधव पँट घेऊन हजर! "कमरेत जरा ढिली करायचीय, विलासराव. घरचाच माणूस असताना बाहेर कशाला?"

मी आईला मस्का लावून बघितला. "तू शिवतोस ना? शीव," ती म्हणाली आणि सिरियल बघत बसली. मग मी आणि तो गोरा म्हातारा, आम्ही दोघांनी मिळून पँट मागून उसवली, ढिली केली, पुन्हा शिवली. दिली पाठवून.

चार दिवसांनी जाधवांचा फोन. "अहो, मागचा खिसा..."

मी खुर्चीत बसलो. खिसा शिलाईत सापडून शिवला गेला होता तर!

"काय डोकं चालवलंत विलासराव! नुसती दोन बोटं आत जातात. पाकीटमाराची काय बिशाद! माझ्या अजून दोन पँटींना तस्साच खिसा करून द्या."

पँटी येऊन पडल्यात. मी रोज ऑफिसातून आल्यावर मशीनवर बसतो आणि चिंध्यांवर प्रयत्न करतो. पण पहिल्या वेळी तो खिसा मी जसा बिघडवला, तसा पुन्हा बिघडवणं काही केल्या मला जमत नाहीये.