अकरा वर्षं न ओढलेलं बटण

क्रस्तोसारखा हट्टी माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. मी गोदीच्या रंगगोदामात सामान देणारी, तो जहाजांचा रंग तपासणारा. रंगवलेल्या पत्र्यावर नाण्याएवढी धातूची बटणं चिकटवायची, शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची आणि दुसऱ्या दिवशी यंत्र लावून ती ओढून काढायची. रंग किती जोराला सुटला ते काटा सांगायचा. बटण चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी ओढलं नाही, असं क्रस्तोच्या हातून कधी घडलं नाही.

त्या हिवाळ्यात आठवडाभर बुरा, म्हणजे आमच्याकडचा डोंगरावरून उतरणारा बोचरा वारा, घोंघावत होता. पत्र्यावर समुद्राचं मीठ बसलं. गोड्या पाण्याने धुतल्याशिवाय रंग द्यायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण संत निकोलाच्या सणाला जहाज पाण्यात सोडायचं होतं. रंगाऱ्यांचा मुकादम क्रस्तोचाच एकुलता मुलगा, दुये. त्याने घाईत धुणंच गाळलं.

क्रस्तोने बटण ओढलं, तर रंगाचा अख्खा पापुद्रा हातात आला.

"बाबा, आकडा वाढवून लिहा ना. लग्न तोंडावर आलंय माझं."

"तुझं लग्न आहे म्हणून समुद्र थांबणार आहे होय?"

"अहो, सख्खा मुलगा आहे मी तुमचा!"

"म्हणून तर तीन ठिकाणी ओढून पाहिलं रे."

दुयेची नोकरी गेली, पाठोपाठ लग्न मोडलं. तो हाम्बुर्गला निघून गेला. अकरा वर्षं ना पत्र, ना फोन.

"अरे मेल्या, तू तरी कर फोन," मी क्रस्तोला म्हणायचे.

"त्याने करावा."

असा संताप यायचा मला! मात्र दर मार्चमध्ये तो माझ्याकडे सही करून यंत्र एक दिवस घरी न्यायचा. कशाला, विचारलं तर यंत्र काखेत मारून चालू लागायचा.

गेल्या महिन्यात क्रस्तो गेला. दुये मातीला आला. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन मी त्यांच्या बोटीची शेड उघडली. दर वसंतात बापलेक मिळून ती बोट रंगवायचे. ताडपत्री काढली, तर निळ्या रंगावर एक बटण चिकटलेलं. शेजारी पेन्सिलीने तारीख, दुये घर सोडून गेला त्या दिवसाची.

"झोर्का मावशी, हे ओढायचं राहिलं वाटतं?"

मला त्या अकरा सह्या आठवल्या.

"राहिलं नाही रे. दर वर्षी यंत्र घेऊन यायचा तो इथे. धीर झाला नाही त्याला. तुमच्या दोघांच्या हातचा रंग सुटला असता तर?"

दुयेने बटणावर बोट ठेवलं. हललं नाही. मग बोटीला कपाळ टेकून तो हमसून हमसून रडला. मीही रडले. अकरा वर्षं! एक फोन करायला काय झालं होतं दोघा गाढवांना?